प्रतिपालक व्हायचंय? आधी क्रम नीट समजून घ्या

"ताई, दत्तकाची वेटिंग लिस्ट फार मोठी आहे म्हणे. तोवर फॉस्टर केअरमधून एखादं बाळ मिळेल का?"

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न कानावर येतो. विचारणारी माणसं चांगली असतात, मनापासून विचारतात. पण या एका वाक्यात तीन चुका आहेत. पहिली, बाळ मिळत नाही, कारण प्रतिपालकत्व (फॉस्टर केअर) सहा वर्षांवरच्या मुलांसाठी आहे. दुसरी, यातून दत्तकाची रांग चुकत नाही. तिसरी सगळ्यात मोठी: मूल तुम्हाला 'मिळत'च नाही. बाल कल्याण समिती, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती, ते तुमच्याकडे ठरावीक काळ सांभाळायला ठेवते. उद्या त्याच्या आईची परिस्थिती सावरली तर ते तिच्याकडे परत जातं, आणि तसं ते जावं म्हणून तुम्हीही मदत करायची असते.

आम्ही दोघांनी एका मुलाला दीड वर्ष सांभाळलं. त्याआधी आमचा अर्ज दोनदा अडला, दोन्ही वेळा आमच्याच चुकीमुळे. त्यानंतर बऱ्याच कुटुंबांबरोबर मी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाच्या पायऱ्या चढले आहे. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात, म्हणून महाराष्ट्रातली प्रक्रिया जशी चालते त्या क्रमाने इथे लिहिते आहे.

## १. चार वेगळ्या गोष्टी एकच समजू नका

एकाच कार्यालयात चार योजनांची कामं चालतात. त्यामुळे खिडकीवर चुकीचा शब्द वापरलात तर चुकीचा फॉर्म हातात पडतो.

दत्तक: मूल कायद्याने कायमचं तुमचं होतं. आडनाव, वारसाहक्क, सगळं. हे काम कारा या केंद्रीय प्राधिकरणामार्फत, वेगळ्या नोंदणीने होतं.

प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर: बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ खाली, समितीच्या लेखी आदेशाने मूल तुमच्या घरी राहतं. वर्षभरापर्यंत असेल तर अल्प मुदतीचं, त्याहून जास्त असेल तर दीर्घ मुदतीचं. मुलाचं नाव-आडनाव बदलत नाही. तुमच्या मालमत्तेत त्याला वारसा मिळत नाही आणि तुम्हालाही त्याच्यावर कायमचा हक्क मिळत नाही.

प्रायोजकत्व: मूल आपल्याच घरी राहतं, कुटुंबाला पैशांची मदत मिळते.

बालसंगोपन योजना: आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आज हिचा लाभ मुख्यतः एक पालक गमावलेल्या किंवा अडचणीतल्या कुटुंबातल्या, घरी वा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांना मिळतो. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना ११०० वरून २२५० रुपये झाली. गावाकडे 'बालसंगोपन' म्हटलं की सगळ्यांना हीच आठवते. म्हणून कार्यालयात जाऊन "आम्हाला दुसऱ्याचं मूल प्रतिपालक म्हणून घरी सांभाळायचं आहे" असं स्पष्ट सांगा.

> सावध: "अनाथ मूल आहे, आईवडील गेले, कुणाला हवं असल्यास या नंबरवर फोन करा" असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात. २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचा पूर आला होता. त्या नंबरवर फोन करू नका, मेसेज पुढे पाठवू नका. मुलाची खरेदी-विक्री हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. असं एकटं मूल खरोखर माहीत असेल तर १०९८ वर कळवा. चोवीस तासांच्या आत कळवणं हे कायद्याने तुमचं कर्तव्य आहे.

## २. तुम्ही बसता का ते कागदावर मांडून पाहा

जुने लेख आणि जुने व्हिडिओ पाहून लोक अजूनही सांगतात की एकट्या व्यक्तीला परवानगी नाही. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते बदललं. आता अविवाहित, विधवा-विधुर, घटस्फोटित किंवा कायदेशीररीत्या विभक्त व्यक्तीही अर्ज करू शकते.

वयाचा हिशेब असा:

- जोडपं: दोघांच्या वयाची बेरीज किमान ७० हवी. नवरा ३८, बायको ३१, तर बेरीज ६९; वर्षभर थांबा.
- एकटी व्यक्ती, मूल ६ ते १२ वर्षांचं: पालकाचं वय ३५ ते ५५.
- एकटी व्यक्ती, मूल १२ ते १८ वर्षांचं: पालकाचं वय ३५ ते ६०.
- जोडप्याचं वैवाहिक जीवन किमान दोन वर्षं स्थिर असायला हवं.
- एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कुणालाही सांभाळू शकते. एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा ठेवतात.

उत्पन्नाच्या बाबतीत श्रीमंती कुणी मागत नाही. सरकारी मदत आली नाही तरी आपल्या कमाईत एक माणूस वाढेल का, एवढंच स्वतःला विचारा. भाड्याचं घर चालतं, दोन खोल्यांचं घर चालतं.

## ३. अर्जाच्या आधी घरातल्या प्रत्येकाशी बोला

हा टप्पा कुठल्याच फॉर्मवर नाही, म्हणून सगळे तो सोडून देतात. आमचा अर्ज एकदा इथेच अडला.

आम्ही नवरा-बायकोने ठरवलं, मुलीला सांगितलं. सासूबाईंना "नंतर सांगू, त्या ऐकतील" म्हणून ठेवलं. गृहभेटीला, म्हणजे घर पाहायला, आलेल्या सामाजिक कार्यकर्त्या ताई चहा घेता घेता त्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आजी, नवीन मूल येणार आहे, तुम्हाला काय वाटतं?" सासूबाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठलं मूल?" ताईंनी वही मिटली. त्या रागावल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "तुमचं झालं की बोलवा." तुमचं झालं की, म्हणजे घरात बोलणं झालं की. ते व्हायला आम्हाला चार महिने लागले, आणि ते चार महिने लागायलाच हवे होते.

कशाबद्दल बोलायचं? आम्ही बोललो त्या गोष्टी सांगते.

मुलाचं खाणं, जात, धर्म, भाषा आपल्याहून वेगळी असू शकते. त्याचा सण आपल्या घरी होईल का? त्याचं ताट वेगळं ठेवायची भाषा घरात कुणाच्या तोंडी येणार असेल तर इथेच थांबा. पुढे जाऊ नका.

त्याचे आईवडील हयात असू शकतात. बालगृहातल्या अनेक मुलांना आई किंवा वडील असतात. आजार, व्यसन, तुरुंग, पोटापाण्यासाठी फिरती, दुसरं लग्न, कारणं अनेक. ती आई आपल्या मुलाला भेटायला येईल, कदाचित आपल्याच गावातल्या कार्यालयात. तिच्याबद्दल मुलासमोर वाईट बोलायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला मान्य आहे का?

तुमच्या स्वतःच्या मुलांना 'ताई हो, दादा हो, समजून घे' एवढं सांगून भागत नाही. माझ्या मुलीचा पहिला प्रश्न होता, "माझ्या कपाटातला कुठला कप्पा त्याला देणार?" तो कप्पा तिच्यासमोर रिकामा केल्यावर तिचं बोलणं मोकळं झालं.

आणि शेवटी, मूल परत जाईल. हे वाक्य घरात मोठ्याने, पुन्हा पुन्हा म्हणा.

> सावध: "थोडी मोठी मुलगी द्या, घरात मदतही होईल" असं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ज्याच्या मनात हे आहे त्याने अर्ज करू नये. मूल सांभाळायला आणायचं आहे, कामाला नाही. तपासणीत हे लपत नाही.

स्वतःला विचारा: घरातल्या प्रत्येकाला, वयस्कर आईवडिलांनाही, अनोळखी माणसाने एकटं गाठून विचारलं तर उत्तर काय येईल, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

## ४. कागदपत्रं, आणि ती कोणत्या क्रमाने काढायची

लागणारे कागद साधारण असे: आधार, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, विवाह नोंदणी प्रमाणपत्र (घटस्फोट झाला असल्यास न्यायालयाचा आदेश, जोडीदाराचं निधन झालं असल्यास मृत्यू दाखला), रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, कुटुंबाचा फोटो, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, घरातल्या सगळ्यांचे वैद्यकीय अहवाल आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची पत्रं.

यात वेळ कशात जातो ते सांगते. नावात. लग्नाच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नाव गायब, हे आपल्याकडच्या निम्म्या बायकांचं दुखणं. आमचा अर्ज पहिल्यांदा याचमुळे परत आला. म्हणून:

पहिल्यांदा सगळे कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि प्रत्येकावरचं नाव, जन्मतारीख, पत्ता एका पानावर उतरवा. जिथे फरक दिसेल तिथे आधी दुरुस्ती करा.

मग विवाह नोंदणी नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत करून घ्या. वीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या बऱ्याच जोडप्यांकडे ती नसते.

त्यानंतर चारित्र्य पडताळणीचा अर्ज करा. पोलीस ठाण्यातून घरी किंवा फोनवर चौकशी होईल.

सर्वांत शेवटी वैद्यकीय तपासण्या. लोक उत्साहात या आधी करतात, मग बाकी कागद जमेपर्यंत सहा महिने जातात आणि अहवाल जुने म्हणून पुन्हा करायला सांगतात. तपासणीत क्षयरोग, कावीळ-ब आणि एचआयव्ही यांच्या चाचण्या असतात, आणि त्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या करायच्या असतात. शासकीय रुग्णालयातून करून घ्या. घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब असेल तर लपवू नका. औषधावर नियंत्रणात आहे एवढं कळलं की पुरतं.

ओळखीच्या पत्रांसाठी सख्खे नातेवाईक टाळा. मुलांच्या शाळेतल्या बाई, गल्लीतले डॉक्टर, सोसायटीचे सचिव, असे तुम्हाला वर्षानुवर्षं पाहणारे लोक निवडा. त्यांना फोन येऊ शकतो हे आधी सांगून ठेवा.

## ५. अर्ज

ऑनलाइन नोंदणीची सोय काराच्या पोर्टलवर आहे. तिथे भरलेला अर्ज आणि कागद तुमच्या जिल्ह्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला दिसतात. हा कक्ष जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी जोडलेला असतो. माझा सल्ला असा की आधी कक्षात प्रत्यक्ष जा, संस्थाबाह्य सेवेचे (बालगृहाबाहेर, कुटुंबात राहणाऱ्या मुलांचं काम पाहणारे) संरक्षण अधिकारी कोण ते विचारा, त्यांच्याशी अर्धा तास बोला आणि मग अर्ज भरा. अर्ज भरून घरी फोनची वाट पाहत बसणाऱ्यांचं काम मागे पडतं.

थेट बालगृहात जाऊन अधीक्षकांना "एखादा मुलगा दाखवा" म्हणू नका. ते दाखवू शकत नाहीत, दाखवायलाही नको. मुलं आशेने बघत असतात.

तपासा: अर्जाचा नोंदणी क्रमांक, दिलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स आणि कक्षात कोणत्या तारखेला कुणाशी बोललात याची एक वही. ही वही पुढे दोन वर्षं उपयोगी पडते.

## ६. गृहभेट

अर्ज आला की सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करते. एकदा येईल, कदाचित दोनदा-तीनदा. इथे लोक घराला रंग देतात, नवीन पडदे लावतात. त्याची काही गरज नाही.

ती काय पाहते? मूल कुठे झोपणार. वेगळी खोली लागत नाही, पण स्वतःचं अंथरूण आणि कपडे ठेवायला स्वतःची जागा लागते. संडास-बाथरूमला आतून कडी आहे का. दिवसा घरात कोण असतं. भाडेकरू, पाहुणा, भाचा असं कुणी कायम राहतं का. शाळा किती लांब आहे. घरात दारू पिणारं कुणी आहे का. शेजारपाजार कसा आहे. प्रत्येकाशी ती वेगवेगळं बोलेल, तुमच्या मुलांशीही.

या भेटीत लोक एका उत्तरात हमखास चुकतात. "कसं मूल चालेल?" या प्रश्नाला आपण मोठ्या मनाने म्हणतो, "कुठलंही." या उत्तरावरून काहीच जुळवता येत नाही. आम्हीही तेच म्हणालो, तेव्हा ताईंनी शांतपणे विचारलं, "नऊ वर्षांचं मूल रात्री अंथरूण ओलं करत असेल तर? शाळेतून दर आठवड्याला तक्रार आली तर? घरातले पैसे उचलले तर? मुळीच बोललं नाही तर?" आम्ही गप्प झालो.

म्हणून आधी बसून दोन याद्या करा: हे आम्हाला जमेल, हे आम्हाला जमणार नाही. "दोघंही नोकरीला जातो, त्यामुळे रोज दवाखान्यात न्यावं लागेल असं आजारपण आम्हाला झेपणार नाही" हे सांगण्यात कमीपणा नाही. उलट हे सांगणाऱ्या घरात मूल टिकतं. दोन भावंडं एकत्र सांभाळू शकत असाल तर तेही आवर्जून सांगा. भावंडांना एकत्र ठेवण्याचा प्रयत्न करायचा, असं कायदाच म्हणतो, पण दोघांना घेणारी घरं कमी पडतात.

घरात पूर्वी काही वाईट घडलं असेल, एखादं मूल गेलं असेल, गर्भपात झाले असतील, तर ते विचारलं जाईल. खरं सांगा. गेलेल्या मुलाच्या जागी हे मूल आणायचं आहे का, हे त्यांना समजून घ्यायचं असतं.

## ७. जुळणी आणि पहिल्या भेटी

प्रतिपालकत्वात कोणती मुलं येतात? बालगृहात राहणारी, ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशी. पालक हयात पण सांभाळायला असमर्थ ठरलेली. दत्तकासाठी मोकळी जाहीर होऊनही वय मोठं, भावंडांची जोडी किंवा विशेष गरजा यामुळे वर्ष-दोन वर्षं ज्यांना कुटुंब मिळालं नाही अशी.

कक्ष तुमचा अहवाल आणि मुलाचा अहवाल शेजारी ठेवून जुळणी करतो. मग भेटी सुरू होतात, आणि मुलालाही विचारलं जातं. मूल "नको" म्हणू शकतं. असं झालं तर मनाला लावून घेऊ नका, आणि मुलाला पटवायलाही जाऊ नका.

पहिल्या भेटीला सायकल, मोबाइल, मोठे डबे घेऊन जाऊ नका. रिकाम्या हातांनी जा, फार तर रंगीत खडू न्या आणि सोबत बसून चित्र काढा. "आमच्या घरी येशील ना?" हा प्रश्न विचारू नका. मूल हो म्हणालं आणि आदेश झालाच नाही, तर त्याच्या पदरी आणखी एक तुटलेलं वचन पडतं.

तपासा: मुलाचे लसीकरण, आजार, औषधं, शाळेची इयत्ता, भावंडं कुठे आहेत, आईवडिलांच्या भेटी ठरल्या आहेत का, रात्रीची झोप कशी आहे. सगळं विचारून लिहून घ्या. हे विचारण्यात संकोच नको.

## ८. समितीसमोर

अंतिम आदेश बाल कल्याण समितीचा. अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असले तरी तिथे वकील लागत नाही. साधे कपडे, वेळेवर हजेरी आणि घरातल्या मोठ्यांची सोबत, एवढं पुरे. प्रश्न विचारतील, मुलाशी वेगळं बोलतील.

आदेश हातात पडला की घाईत सही करून निघू नका. तिथेच बाकावर बसून पूर्ण वाचा. मुदत किती, भेटी कुणाच्या आणि केव्हा, पुढची तारीख कोणती. हमीपत्रावर तुमची सही असते. मुलाचं शिक्षण, आरोग्य, आहार यांची जबाबदारी त्या सहीने तुमची होते. आदेशाच्या प्रमाणित प्रती तीन-चार घ्या. एक शाळेत, एक दवाखान्याच्या फाइलमध्ये, एक कायम पिशवीत. रात्री अकरा वाजता ताप चढलेल्या मुलाला घेऊन गेल्यावर "हा तुमचा कोण?" या प्रश्नाला तोच कागद उत्तर देतो.

> सावध: आदेश झाल्याच्या आनंदात फोटो स्टेटसला ठेवू नका. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड. वाढदिवसाचा फोटो फॅमिली ग्रुपवरही नको. नातेवाइकांनाही हे आधीच बजावा, कारण चूक बहुधा त्यांच्याच फोनवरून होते.

## ९. पहिले तीन महिने

मूल घरी आलं त्या दिवशी पाहुणे बोलावू नका. औक्षण वगैरे करायचं तर घरच्या घरी. पहिला आठवडा सुट्टी घ्या, दोघांपैकी एकाने तरी.

आमच्याकडे आलेला मुलगा नऊ वर्षांचा. पहिल्या तीन दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. संध्याकाळी सात वाजले की तो हातातलं सगळं टाकून दाराजवळच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. हात मागे, मान खाली. काही मागायचा नाही, बोलायचा नाही. दहा मिनिटांनी आपणहून बाजूला व्हायचा. चौथ्या दिवशी मी विचारलं, "काय रे, कुणाची वाट बघतोस?" तो म्हणाला, "हजेरी." बालगृहात सातला हजेरी होत असे. इथे ती कुणी घेत नाही म्हणजे आपण मोजले जातो की नाही, हेच त्याला कळेना. त्या दिवसापासून माझे यजमान सात वाजता सोफ्यावरून हाक मारू लागले, "सगळे आले का?" आणि आम्ही चौघं, सासूबाईंसकट, "हजर" म्हणायचो. महिन्याभराने त्याचं भिंतीशी उभं राहणं थांबलं.

चपला तो पलंगाखाली ठेवायचा, जोडी एकमेकींत खोचून. बाहेर ठेवल्या तर जातात, हा त्याचा अनुभव. आम्ही त्या तिथेच राहू दिल्या. एके दिवशी त्या आपोआप दारातल्या मांडणीवर आमच्या चपलांशेजारी दिसल्या.

हे सांगायचं कारण असं की संस्थेत राहिलेल्या मुलाच्या वागण्याला 'वाईट सवय' म्हणायच्या आधी त्यामागचा नियम शोधा. आंघोळीला परवानगी विचारणं, पटापटा जेवणं, वस्तू लपवणं, प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणणं, या सगळ्यामागे तिथला काहीतरी हिशेब असतो.

काय म्हणायचं: "आम्हाला आई-बाबा म्हण" असा आग्रह नको. काका-काकू, मावशी, काहीही चालतं. त्याला आई असेल तर ती जागा तिची.

शाळा: शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वर्गशिक्षकांना एकट्यांना भेटा, फक्त आवश्यक तेवढंच सांगा, आणि "वर्गात ओळख करून देऊ नका" अशी स्पष्ट विनंती करा.

शिस्त: हात उगारायचा नाही. एकदाही नाही. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारणं-छळणं हा कलम ७५ खाली गुन्हा आहे. आणि "परत पाठवून देईन" ही धमकी रागाच्या भरातही तोंडातून जाऊ देऊ नका. त्या मुलाला ती माराहून जास्त लागते.

शांत महिना संपल्यावर: पहिले काही आठवडे मूल फार शहाण्यासारखं वागतं. मग अचानक आदळआपट, खोटं बोलणं, उलट उत्तरं सुरू होतात. बरीच घरं इथे घाबरून कक्षाला फोन करतात, "झेपत नाही, घेऊन जा." खरं तर मुलाला आता थोडी खात्री वाटू लागलेली असते आणि ते ती तपासून पाहत असतं. फोन जरूर करा, पण समुपदेशकाची वेळ मागायला.

## १०. दर महिन्याची तपासणी, पैसे, भेटी

प्रतिपालक घराची दर महिन्याला तपासणी व्हावी अशी कायद्यात तरतूद आहे. येणारी व्यक्ती मुलाशी एकट्याने बोलेल. तुम्ही चहाच्या निमित्ताने दारात घुटमळू नका. मुलाने तक्रार केली तर राग धरू नका. तक्रार करावीशी वाटली म्हणजे त्याला बोलायची हिंमत आली.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून प्रतिपालकत्वासाठी दर मुलामागे महिना ४००० रुपयांची मदत आहे. जिल्ह्याची प्रायोजकत्व व प्रतिपालकत्व मान्यता समिती तिला मंजुरी देते. पहिला हप्ता यायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीच्या सहा महिन्यांचा खर्च आपल्या खिशातून होईल असं धरून चाला. रुपयारुपयाचा हिशेब वहीत ठेवा, बिलं चिकटवा.

आईवडिलांची भेट समितीच्या आदेशाप्रमाणे. भेटीच्या आदल्या रात्री मूल जेवणार नाही, भेटीनंतर दोन दिवस चिडचिड करेल. यावरून "भेटींनी मुलाला त्रास होतो, बंद करा" असा अर्ज लगेच लिहू नका. आईला पाहून रडू येणं साहजिक आहे. खरोखर भीती, मारहाणीच्या खुणा, धमक्या असं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी लेखी कळवा.

गावी जायचं, जिल्ह्याबाहेर मुक्काम करायचा तर आधी लेखी कळवून परवानगी घ्या. अपघात झाला तर आधी दवाखाना, मग ताबडतोब फोन. मूल न सांगता निघून गेलं तर "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणू नका. पोलीस आणि कक्ष, दोघांना लगेच.

दत्तकाचं काय, हा प्रश्न इथे पुन्हा निघतो. मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं असेल आणि किमान दोन वर्षं तुमच्याकडे नीट राहिलं असेल, तर प्रतिपालक कुटुंबाला दत्तक घेण्याची वाट मोकळी आहे. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. पण ज्याची आई जिवंत आहे आणि सावरते आहे, त्या मुलाच्या बाबतीत हा विचार मनात धरून बसू नका. त्याने भेटींच्या दिवशी तुमचा चेहरा बदलतो आणि मूल तो वाचतं.

## ११. मूल परत जातं तेव्हा

पालक पुन्हा सांभाळायला योग्य ठरले की समिती मुलाला घरी पाठवू शकते. तारीख कळली की मुलाला लगेच, सोप्या शब्दांत सांगा. शेवटच्या दिवसापर्यंत लपवू नका.

आदल्या आठवड्यात एक फाइल तयार करा: लसीचं कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, शाळेचे निकाल, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचे कागद, हिशेबाची वही. सोबत एका कोऱ्या कागदावर आईसाठी साध्या गोष्टी लिहा. आमच्या कागदावर होतं: दूध गार लागतं. अंधारात झोपत नाही. गणितात घाई करतो. पोट दुखतं म्हणाला तर आधी शाळेत काय झालं ते विचारा. आई वाचू शकत नसेल तर बसून तोंडी सांगा. आम्ही तसंच केलं. तिने दुधाचं दोनदा विचारून घेतलं.

कपडे, वह्या, खेळणी, जे त्याचं होतं ते सगळं त्याच्यासोबत जाऊ द्या. नंतरचा संपर्क आईच्या आणि समितीच्या संमतीनेच.

पुढच्या मुलासाठी लगेच नाव देऊ नका. कक्षाला सांगून काही महिने थांबा. घरातल्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना वेळ लागतो, आणि तो किती हे आधी सांगता येत नाही. आमच्या मुलीने दारातल्या मांडणीवरची त्याच्या चपलांची जागा पावसाळाभर रिकामी ठेवली होती. मी तिथे दुसरं काही ठेवलं नाही. एके दिवशी तिनेच तिथे आपले बूट ठेवले, त्यानंतर आम्ही कक्षात फोन केला.